लूम खेळातल्या चार सुरांच्या ओव्या कानाने कशा पकडाव्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक गृहस्थ 'लूम' हा 1990 सालचा संगणकावरचा जुना साहसखेळ आता पुन्हा काढून बसले आहेत. मधल्या पातळीपर्यंत सगळं नीट जातं. एक्स्पर्ट पातळी निवडली, जिथे स्वर दिसत नाहीत आणि फक्त कानाने ओळखायचे असतात, की स्वर ओळखू येत नाहीत आणि खेळ अडतो. त्यांची अकरा वर्षांची मुलगी तीन वर्षं शास्त्रीय गाणं शिकते आहे. तिला शेजारी बसवलं, तर तिलाही ओळखता येईना. "गाणं शिकलेल्या मुलीला हे सोपं जायला हवं ना? शिकवण्यात काही चुकतंय का?" असं त्यांनी विचारलं आहे.

मी इंदूरला रामबागेत पंचवीस वर्षांहून अधिक काळ हार्मोनियम आणि स्वरज्ञान शिकवतो आणि हा खेळ माझ्या शिकवण्याचाच एक भाग झाला आहे. म्हणून आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो: शिकवण्यात काहीही चुकलेलं नाही. मुलीचा कान बहुधा अगदी बरोबर ऐकतो आहे. तिचा सा आणि खेळाचा सा वेगळे आहेत, एवढीच गोष्ट आहे.

ज्यांनी खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. लूम म्हणजे माग. ल्युकासफिल्म गेम्सचा हा खेळ ब्रायन मोरिआर्टी यांनी रचला. नायक बॉबिन थ्रेडबेअर हा विणकरांच्या वस्तीत वाढलेला सतरा वर्षांचा मुलगा. इतर साहसखेळांत खेळाडू झोळी भरत फिरतो: किल्ल्या, दोऱ्या, बाटल्या. इथे झोळीच नाही. हातात फक्त एक काठी, सूतकताईतली डिस्टाफ, आणि तिच्यावर आठ स्वर. चार स्वरांची एक धून वाजवली की काही तरी घडतं: बंद वस्तू उघडते, पांढरं लोकर रंगतं, अंधारात दिसू लागतं. या धुना कोणी शिकवत नाही. त्या जगातल्या वस्तूंमधूनच ऐकू येतात. तुम्ही ऐकायचं, लक्षात ठेवायचं आणि योग्य जागी वाजवायचं.

मूळ खेळात या धुनेला 'ड्राफ्ट' म्हटलं आहे आणि तो विणकामातलाच शब्द आहे. कोणता उभा धागा कुठून ओवायचा याचा कागदावर काढलेला आराखडा म्हणजे ड्राफ्ट. मुलांना महेश्वरला नेलं तेव्हा ही गोष्ट मला डोळ्यांनी पाहता आली. अहिल्याबाईंनी वसवलेले ते माग आजही चालतात. ताणा लावताना एकेक धागा हाताने ओवत बसलेल्या बाईंकडे बोट दाखवून एका मुलीने विचारलं, "सर, ओवणं आणि ओवी एकच का?" एकच. त्या दिवसापासून आमच्या वर्गात ड्राफ्टला ओवी म्हणतात आणि मीही इथे तोच शब्द वापरतो. ओवीचे चरण चार, हिचे स्वर चार. धोटा तिकडून इकडे परत येतो, तशी ही ओवीही उलट चालते. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता मुद्द्याकडे. काठीवरचे आठ स्वर म्हणजे पाश्चात्त्य सी मेजर सप्तक. हार्मोनियमवर पांढरी एकपासून सरळ पांढऱ्या पट्ट्या वाजवत गेलात की तेच. आपल्या भाषेत बिलावल थाट, सगळे स्वर शुद्ध: सा रे ग म प ध नी सां. खेळ सुरू होताना काठीवरचे सगळे स्वर वाजत नाहीत. पहिले तीनच असतात आणि पुढचे हळूहळू मिळत जातात. ही योजना फार विचारपूर्वक केलेली आहे. कोणताही चांगला गुरू सुरुवातीला तीन स्वरांचेच पलटे देतो.

आता तुमच्या मुलीचं बघा. अकरा वर्षांची मुलगी बहुतेक करून काळी चारमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, गात असेल. तिच्या कानात तोच सा पक्का बसला आहे, आणि बसायलाच हवा. खेळातला पांढरी एकचा सूर वाजला की तो तिला सा म्हणून ऐकूच येत नाही. काळी चारपासून मोजलं तर पांढरी एक म्हणजे शुद्ध गंधार. पुढचा पांढरी दोन तिच्या हिशोबात तीव्र मध्यम, आणि पांढरी तीन कोमल धैवत. म्हणजे खेळ वाजवतो सा रे ग, आणि ती ऐकते ग, तीव्र म, कोमल ध. तिने तुम्हाला तसं सांगितलं असेल आणि तुम्हाला ते चुकीचं वाटलं असेल. ते चुकीचं नव्हतं. असं सांगणाऱ्या मुलीचा कान मी जपून ठेवण्यासारखा समजेन.

उपाय साधा आहे. मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा. खेळातल्या काठीवरचा सगळ्यात खालचा स्वर वाजवा आणि तानपुरा त्याला जुळवा. अ‍ॅपवर नुसतं 'सी' लिहिलेलं बघून थांबू नका, कानाने जुळवा. अ‍ॅपमध्ये बारीक फेरासाठी वेगळी खूण असते, ती वापरा. मग मुलीला त्या सामध्ये पाच मिनिटं साधे अलंकार म्हणू द्या. तिच्या गळ्याला तो सा सवयीचा नसेल, म्हणून गाण्याऐवजी गुणगुणलं तरी चालेल. तानपुरा अगदी हळू आवाजात सतत चालू ठेवा आणि खेळायला बसा. माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी निम्म्यांची अडचण एवढ्यानेच सुटली.

तानपुरा बंद का करायचा नाही, याचंही कारण सांगतो. खेळाचं संगीत चायकोव्स्कीच्या 'स्वान लेक' या बॅलेवरून घेतलं आहे. 1877 साली मॉस्कोत पहिल्यांदा सादर झालेली ती रचना फार सुंदर आहे, पण तिची मुख्य धून मायनर सप्तकातली, आपल्या कानाला कोमल गंधाराची. तिचा आधारस्वरही वेगळा. प्रसंगांमधून ते संगीत वाजून जातं, कान नकळत त्याच्या सामध्ये जाऊन बसतो आणि लगेच ओवी ऐकू आली की आपण तिला भलत्याच जागेवरून मोजायला लागतो. तानपुरा चालू असला की कान परत जाग्यावर येतो. नाही तर काठीवरचा खालचा स्वर एकदा वाजवून घ्या. तो कधीही वाजवता येतो आणि नुसता एक स्वर वाजवून काही बिघडत नाही.

दुसरी अडचण थोडी बारीक आहे, आणि ती चांगल्या कानालाच जाणवते. संगणकावरचे स्वर समान अंतराच्या सप्तकातले असतात. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गंधार त्याहून जवळजवळ 14 सेंट खाली असतो. एका अर्ध्या सुराचे 100 भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. धैवतात हाच फरक 16 च्या आसपास आणि निषादात 12 चा. म्हणून तयार कानाच्या विद्यार्थ्याला खेळातला ग आणि ध जरा चढे वाटतात, आणि ग आहे की म असा संशय येतो. पण मध्यम 100 सेंट वर आहे, आणि चढा गंधार म्हणजे मध्यम नव्हे, हे मुलीला एकदा हार्मोनियमवर दाखवा. हार्मोनियमचा गंधारही असाच चढा असतो, त्यामुळे पेटीवर शिकलेल्या मुलांना हा त्रास कमी होतो.

आता ओवी पकडायची कशी. बहुतेक जण पहिला स्वर वाजताच त्याचं नाव शोधू लागतात, तेवढ्यात उरलेले तीन निघून जातात. नाव शोधू नका. चारही स्वर संपेपर्यंत गप्प ऐका आणि लगेच पूर्ण ओवी गुणगुणा. दोनदा, तीनदा. गळ्यात बसलेली ओवी पळून जात नाही. मग शेवटचा स्वर धरून ठेवा आणि तानपुऱ्याच्या सापर्यंत खाली उतरत जा: ग रे सा, किंवा प म ग रे सा. किती पायऱ्या उतरलात त्यावरून शेवटचा स्वर कळतो. पहिल्या स्वराचंही असंच करा. दोन टोकं मिळाली की मधले दोन स्वर चालीवरून सापडतात: वर गेले, खाली आले की तिथेच थांबले. शेवटच्या स्वरापासून सुरुवात करायची हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो कानात सगळ्यात ताजा असतो.

खेळातली पहिली ओवी, वस्तू उघडण्याची, प्रत्येक वेळी तीच असते: ग सा ग रे. ही सांगितल्याने तुमचा आनंद कमी होणार नाही, ती तुम्हाला सुरुवातीलाच मिळते. बाकीच्या बऱ्याच ओव्या दर नव्या खेळाला बदलतात. मित्राने लिहून दिलेला कागद म्हणूनच उपयोगी पडत नाही. एक काळजी मात्र घ्या: काही ओव्या पुन्हा ऐकायला मिळतात, काही मिळत नाहीत. नवीन वस्तूला हात लावण्याआधी खेळ सेव्ह करा. जतन केलेल्या जागेवरून परत आलात की ओव्या त्याच राहतात. नव्याने सुरुवात केली तर मात्र वहीतलं जुनं खोडावं लागेल.

आणि वही हवीच. मूळ खेळाबरोबर ओव्यांची एक छोटी पुस्तिकाही येत असे, तिच्यात पेन्सिलीने स्वर लिहायला जागा होती. आमच्या वर्गात मुलं भातखंडे पद्धतीने लिहितात. तार सा असेल तर डोक्यावर टिंब. हे टिंब विसरू नका. आठ स्वरांमध्ये दोन सा आहेत आणि वेगळ्या सप्तकातला तोच स्वर ओळखताना चांगले चांगले गडबडतात, कारण दोघांचा रंग एकच. उपाय असा: सां आहे असं वाटलं की मनात खालचा नी लावून बघा. तो ओढून वर नेतो आहे असं वाटलं तर तार सा. ग-म आणि नी-सां या दोन जोड्यांमध्ये अर्ध्या सुराचंच अंतर आहे. चुका तिथेच सगळ्यात जास्त होतात.

आता उलटी ओवी. या खेळातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच आहे. ओवी शेवटाकडून वाजवली की परिणाम उलटा होतो. ग सा ग रे उघडते, रे ग सा ग बंद करते. समुद्रात गरगर फिरणारा पाण्याचा एक उंच स्तंभ वाट अडवतो. त्याच्याजवळ पीळ घालण्याची ओवी ऐकू येते आणि ती जशीच्या तशी वाजवून काही होत नाही. पीळ सोडवायचा तर उलटी. हे सुचायला गणित लागत नाही, पण उलटी ओवी बोटांतून बिनचूक निघायला मात्र तयारी लागते. आणि सा रे रे सा अशी ओवी उलटसुलट सारखीच, तिला उलटा परिणामच नाही. आठ स्वरांतून चार चारच्या एकूण 4096 ओव्या होऊ शकतात, त्यांत अशा फक्त 64. सुरुवातीला तीनच स्वर असतात तेव्हा एकूण शक्यता 81. म्हणून पहिल्या टप्प्यावर एक्स्पर्ट पातळी फार अवघड नाही. तिथे कान बसवून घ्या आणि मगच पुढे जा.

यासाठी मुलीला मी जो रियाज देईन, तो या गावाचाच आहे. उस्ताद अमीर खाँ यांनी मेरुखंड पद्धत आपल्या गायकीत अशी मुरवली, की इंदूर घराणं म्हटलं की ती आठवतेच. मेरुखंड म्हणजे दिलेल्या स्वरांचे शक्य तितके सगळे क्रम लावून बघणं, प्रत्येक स्वर एकदाच घेऊन. तीन स्वरांचे 6 क्रम, चारांचे 24, पाचांचे 120, सातांचे 5040. खाँसाहेबांची विलंबित बढत, म्हणजे संथ लयीतला रागविस्तार, ऐकताना हा हिशोब कुठेच जाणवत नाही, इतका तो रागात विरघळलेला असतो. घरच्या रियाजाला चार स्वरांचे 24 क्रम पुरेत. सा रे ग म घ्या, चोवीसही क्रम वहीत लिहा, आणि त्यांच्या जोड्या लावा: सा रे ग म ची जोडी म ग रे सा, सा ग रे म ची जोडी म रे ग सा. बारा जोड्या होतात. रोज तीन जोड्या, सरळ आणि उलट, आधी पेटीवर आणि मग पेटीशिवाय. आठवडा पुरे. त्यानंतर स्वर परत येणाऱ्या ओव्या घ्या, ग सा ग रे सारख्या. मेरुखंडात त्या बसत नाहीत, पण खेळात येतात.

इथे तुमच्या मूळ शंकेचा दुसरा अर्धा भाग येतो. शास्त्रीय गाणं शिकलेल्याला हे सोपं का जात नाही? रागाचं शिक्षण स्वर सुटे देत नाही. प म ग म रे सा हे मूल एक वाक्य म्हणून शिकतं, त्यातला प्रत्येक स्वर वेगळा काढून विचारला तर थबकतं. खेळातल्या ओव्या कोणत्याच रागाच्या नसतात. नी रे सां ग असं काही आलं की राग शिकलेला कान त्याला अर्थ लावायला बघतो आणि गोंधळतो. माझ्याकडे एक मुलगा होता, यमन फार गोड गायचा, पण खेळात दर ओवीला अडायचा. त्याच वर्गातला तबल्याचा एक विद्यार्थी सहज पुढे गेला. तबल्याच्या मुलाला बोल सुटे मोजायची आणि जागा धरून ठेवायची सवय होती. यमनवाल्या मुलाला मी महिनाभर फक्त सरगम ओळखायला लावली, बंदिश बंद. तो खेळ पूर्ण करून आला तेव्हा त्याचा यमनही बदललेला होता. निषादावर तो आता नेमका थांबत होता. त्याच्या आईनेही ते ओळखलं. म्हणून मुलीच्या गुरूंना विचारून थोडे दिवस हा सराव जरूर ठेवा. त्यांच्या शिकवण्याच्या आड तो येणार नाही.

आवृत्तीबद्दल थोडक्यात. 1990 ची मूळ आवृत्ती सोळा रंगांची, 1992 ची सीडी आवृत्ती 256 रंगांची आणि पात्रांच्या प्रत्यक्ष आवाजांची. आज दुकानांत मिळते ती सीडीची. अकरा वर्षांच्या मुलीला इंग्रजी वाचण्यापेक्षा ऐकून लवकर कळेल, म्हणून तीच घ्या. जुनी फाइल जवळ असेल तर स्कमव्हीएम या जुने खेळ चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये नीट चालते. स्पीकर लहान लॅपटॉपचे असतील तर हेडफोन वापरा. बारीक स्पीकरमध्ये खालचे स्वर पातळ होतात आणि खालचा सा वरच्यासारखा ऐकू येतो.

पातळी बदलायची का, असंही तुम्ही विचारलं होतं. पहिल्या पातळीत काठीवर स्वर लिहिलेले असतात आणि वाजलेले स्वर खाली रेषांवर उमटतात. मुलीने एकदा त्या पातळीवर पूर्ण खेळावं, पण प्रत्येक ओवीला आधी डोळे मिटून स्वर सांगावेत आणि मग उघडून ताडून बघावेत. तुम्ही मात्र मागे जाऊ नका, एक्स्पर्टवरच राहा. त्या पातळीवर एक छोटा प्रसंग जास्तीचा दिसतो, इतरांना तो दिसत नाही.

या खेळात खेळाडू मरत नाही आणि चुकीची ओवी वाजवल्याने सगळं वाया जात नाही. लहान मुलांबरोबर बसायला म्हणूनच तो चांगला आहे. पण उत्तरार्धात कथा उदास होते, काही माणसं जातात, आणि शेवट गोड नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथे रडली होती. तो भाग आला की तिला एकटीला खेळायला देऊ नका. तुम्ही शेजारी बसा, तानपुरा चालू ठेवा आणि शेवटची ओवी तिलाच वाजवू द्या.